उडत्या तबकड्या व शासकीय गुप्तता

आकाशात दिसणाऱ्या व निरीक्षकाला ओळख न पटणाऱ्या वस्तूंना ‘उडत्या तबकड्या’ हे लोकप्रिय नाव १९४७ मध्ये अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मिळाले. तेथील वायुदलाने पुढे ‘अनोळखी उडत्या वस्तू’ ही संज्ञा रूढ केली. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांपासून बनलेले ‘यूएफओ’ हे रूप जगभर प्रचलित झाले. अलीकडील शासकीय कागदपत्रांत त्याऐवजी ‘यूएपी’ ही अधिक व्यापक संज्ञा वापरतात. या वस्तू म्हणजे परग्रहांवरून आलेली याने असून त्यांपैकी काही पृथ्वीवर कोसळली, त्यांचे अवशेष व त्यांतील प्राण्यांची शवे अमेरिकन शासनाने हस्तगत केली आणि त्यांच्या अभ्यासातून नवी तंत्रविद्या गुप्तपणे विकसित केली, असा दावा अनेक दशके केला जात आहे. त्याला पुष्टी देणारा, स्वतंत्रपणे तपासता येईल असा भौतिक पुरावा अद्याप पुढे आलेला नाही. तथापि या विषयाशी निगडित अशी माहिती शासनाने दडविली, हा आरोप मात्र निराधार नाही. गुप्तता खरी होती. पण उघड झालेल्या कागदपत्रांवरून जे दडविल्याचे दिसते, ते पृथ्वीवरचेच होते. या दोन बाबींची गल्लत कशी झाली व ती टिकून का राहिली, हा या विषयाच्या इतिहासातील मुख्य प्रश्न होय.

प्रारंभ : २४ जून १९४७ रोजी केनेथ आर्नल्ड या खाजगी वैमानिकाला वॉशिंग्टन राज्यातील मौंट रेनियर या पर्वताजवळ नऊ चकाकणाऱ्या वस्तू वेगाने जाताना दिसल्या. त्यांचा वेग त्याच्या अंदाजाप्रमाणे ताशी सु. १,९०० किमी. हून अधिक होता. पाण्यावर फेकलेली बशी जशी टप्पे घेत जाते, तशी त्यांची गती होती, असे त्याने सांगितले. हे वर्णन गतीचे होते, आकाराचे नव्हते; परंतु वृत्तपत्रांनी ‘उडत्या तबकड्या’ हा शब्दप्रयोग केला व तोच रूढ झाला. त्यानंतरच्या काही आठवड्यांत देशभरातून अशा शेकडो वार्ता आल्या.

हा काळ लक्षात घेणे आवश्यक आहे. दुसरे महायुद्ध संपून दोन वर्षेही झाली नव्हती आणि सोव्हिएट रशियाशी शीतयुद्ध सुरू झाले होते. अणुबाँबची निर्मिती हजारो लोकांच्या श्रमांतून होऊनही ती जगापासून लपविण्यात शासनाला यश आले होते, हे १९४५ मध्ये सर्वांना कळले होते. त्यामुळे शासनाजवळ आणखी एखादे असेच रहस्य असेल, ही कल्पना त्या पिढीला अशक्य वाटत नव्हती. १४ ऑक्टोबर १९४७ रोजी चक येगर याने समपातळीतील उड्डाणात प्रथमच ध्वनीच्या वेगाची मर्यादा ओलांडली. पण ही घटनाही शासनाने जून १९४८ पर्यंत अधिकृतपणे जाहीर केली नव्हती.

रोझ्‌वेल प्रकरण : न्यू मेक्सिको राज्यातील रोझ्‌वेल या गावाच्या वायव्येस सु. १२० किमी. अंतरावरील एका कुरणावर मॅक ब्रेझल या पशुपालकाला जून १९४७ च्या मध्यास काही मोडतोड विखुरलेली आढळली. रबराच्या पट्ट्या, धातूचा पातळ वर्ख, जाड कागद, काटक्या आणि फुलांची नक्षी असलेली चिकटपट्टी असे त्यातील पदार्थांचे वर्णन ९ जुलैच्या स्थानिक वृत्तपत्रात आढळते. तबकड्यांच्या वार्ता कानी आल्यावर ब्रेझलने जुलैच्या आरंभी शेरीफला वर्दी दिली आणि शेरीफने रोझ्‌वेलच्या लष्करी विमानतळाला कळविले. हिरोशिमा व नागासाकी यांवर अणुबाँब टाकणारे ५०९ वे पथक तेव्हा याच तळावर होते. तेथील गुप्तवार्ता अधिकारी मेजर जेसी मार्सेल याने हे अवशेष ताब्यात घेतले. ८ जुलै रोजी तळाच्या प्रसिद्धी अधिकाऱ्याने ‘उडती तबकडी’ हस्तगत झाल्याचे पत्रक काढले. त्याच दिवशी टेक्सस राज्यातील फोर्ट वर्थ येथे ब्रिगेडियर जनरल रॉजर रेमी याने ते अवशेष हवामान फुग्याचे व त्याला जोडलेल्या रडार परावर्तकाचे असल्याचे जाहीर केले. वृत्तपत्रांनी हे स्पष्टीकरण स्वीकारले आणि पुढील सु. तीस वर्षे हे प्रकरण जवळजवळ विस्मृतीत गेले.

हे स्पष्टीकरण वस्तूंच्या बाबतीत बरेचसे बरोबर, पण हेतूच्या बाबतीत अपुरे होते. त्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क विद्यापीठातील शास्त्रज्ञ न्यू मेक्सिकोतीलच ॲलमगॉर्डो येथून ‘मोगल’ या अतिगोपनीय प्रकल्पासाठी फुग्यांच्या लांबलचक माळा आकाशात सोडीत होते. वातावरणाच्या वरच्या भागात विशिष्ट उंचीवर ध्वनितरंग फारसे क्षीण न होता दूरवर जातात, या भूभौतिकीविज्ञ मॉरिस यूइंग यांच्या कल्पनेवर तो प्रकल्प आधारलेला होता. सोव्हिएट रशियाने अणुचाचणी केल्यास तिचा आवाज हजारो किमी. वरून टिपावा, हा त्याचा उद्देश होता. माळांतील फुगे व परावर्तक साधेच, हवामानखात्याच्या वापरातले होते. गोपनीय होते ते त्यांचे प्रयोजन. ४ जून रोजी सोडलेल्या माळेचे हे अवशेष असावेत, असे वायुदलाने १९९४ मध्ये जाहीर केले. त्या उड्डाणाची नोंद त्रुटित असल्याने ही ओळख परिस्थितिजन्य पुराव्यावर अवलंबून आहे; परंतु अवशेषांच्या १९४७ मधील वर्णनाशी ती चांगली जुळते. २९ ऑगस्ट १९४९ रोजी सोव्हिएट रशियाने पहिली अणुचाचणी केली, तेव्हा तिचा सुगावा फुग्यांमुळे नव्हे, तर विमानांनी गोळा केलेल्या हवेच्या नमुन्यांतील किरणोत्सर्गी कणांमुळे लागला.

वायुदलाच्या चौकश्या : २३ सप्टेंबर १९४७ रोजी लेफ्टनंट जनरल नेथन ट्वायनिंग याने वरिष्ठांना पाठविलेल्या गोपनीय पत्रात तबकड्यांच्या वार्ता काल्पनिक नसून त्यांमागे काही वास्तव असावे, असे मत दिले. हे पत्र परग्रहवादी लेखक आजही आधार म्हणून पुढे करतात. तथापि कोसळलेल्या यानाचे अवशेष यासारखा कोणताही भौतिक पुरावा उपलब्ध नाही, असेही त्याच पत्रात स्पष्टपणे नमूद केलेले आहे. रोझ्‌वेलच्या घटनेला तेव्हा जेमतेम अकरा आठवडे झाले होते आणि असे अवशेष असते, तर ते ट्वायनिंगच्याच अखत्यारीतील तांत्रिक केंद्राकडे जाणे स्वाभाविक होते. हे पत्र प्रसिद्धीसाठी लिहिलेले नसल्यामुळे त्यातील ही कबुली विशेष महत्त्वाची ठरते.

या पत्राच्या शिफारशीनुसार १९४८ च्या आरंभी ‘साइन’ हा चौकशी प्रकल्प सुरू झाला. १९४९ मध्ये त्याची जागा ‘ग्रज’ने घेतली व मार्च १९५२ पासून ‘ब्लू बुक’ हे नाव रूढ झाले. जुलै १९५२ मध्ये राजधानी वॉशिंग्टनच्या आकाशात लागोपाठ दोन शनिवारी रात्री विमानतळाच्या रडारवर अनोळखी ठिपके दिसले व लढाऊ विमाने धाडण्यात आली. २९ जुलै रोजी मेजर जनरल जॉन सॅमफर्ड याने पत्रकार परिषद घेऊन थंड हवेवर उष्ण हवेचा थर आल्यामुळे रडारचे तरंग वाकले असावेत, असा खुलासा केला.

या घटनांनी मध्यवर्ती गुप्तचर संस्था म्हणजे सीआयए सावध झाली. जानेवारी १९५३ मध्ये तिने भौतिकीविज्ञ हॉवर्ड रॉबर्टसन यांच्या अध्यक्षतेखाली शास्त्रज्ञांचे मंडळ बोलाविले. लूइस अल्व्हारेझ व सॅम्युएल गाउडस्मिट हे नामवंत भौतिकीविज्ञ त्याचे सदस्य होते. तबकड्यांपासून राष्ट्राला प्रत्यक्ष धोका नाही. मात्र त्यांविषयीच्या वार्तांचा पूर लोटला, तर खऱ्या हवाई हल्ल्याच्या वेळी संदेशवहन कोलमडेल, असा निष्कर्ष मंडळाने काढला. प्रसारमाध्यमांद्वारे या विषयाभोवतीचे गूढ कमी करावे आणि हौशी संघटनांवर लक्ष ठेवावे, असेही त्याने सुचविले. हा अहवाल व त्यामागील सीआयएचा हात अनेक वर्षे गुप्त राहिला. वायुदलाच्या १९५४ च्या नियमानुसार तर ज्या वस्तूची ओळख पटली असेल, तिचीच माहिती तळावरील अधिकाऱ्यांनी वार्ताहरांना द्यावी, असे बंधन होते. परिणामी न उलगडलेली प्रकरणेच तेवढी दडविली जातात, हा लोकांचा समज वस्तुस्थितीला धरून होता. त्या प्रकरणांत परग्रहवासी आहेत, हे अनुमान मात्र त्यातून निघत नव्हते.

ऑगस्ट १९५५ मध्ये नेव्हाडा राज्यातील ग्रूम सरोवराजवळील तळावरून ‘यू-२’ या टेहळणी विमानाची चाचणी-उड्डाणे सुरू झाली. तत्कालीन प्रवासी विमाने सु. ३,००० ते ६,००० मी. उंचीवरून जात, तर यू-२ हे १८,००० मी. हूनही उंच उडत असे. खाली संधिप्रकाश पसरलेला असताना त्याच्या चंदेरी पंखांवर सूर्यप्रकाश पडे आणि ते तेजस्वी गोलासारखे दिसे. त्याबाबतच्या वार्ता ब्लू बुककडे येत. तेथील अधिकारी सीआयएकडे विचारणा करून खात्री करून घेत, पण खरे कारण पत्रलेखकांना कळवू शकत नसत. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातील व १९६० च्या दशकातील निम्म्याहून अधिक वार्ता अशा टेहळणी विमानांमुळे निर्माण झाल्या, असे सीआयएचे इतिहासकार जेरल्ड हेन्स यांनी १९९७ मध्ये लिहिले. हे प्रमाण इतर अभ्यासकांना अतिशयोक्त वाटते. परंतु दिशाभूल करणारी उत्तरे देण्यात आली, याविषयी दुमत नाही. ‘एरिया ५१’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या या तळाचे अस्तित्व सीआयएने ऑगस्ट २०१३ मध्ये खुल्या केलेल्या कागदपत्रांतून मान्य केले.

मार्च १९६६ मध्ये मिशिगन राज्यातील काही दर्शनांचे कारण ‘दलदलीतील वायू’ हे असावे, असे वायुदलाचे सल्लागार ज्योतिषशास्त्रज्ञ ॲलन हायनेक यांनी सांगितले. त्यावर लोक संतापले आणि जेरल्ड फोर्ड या तत्कालीन काँग्रेस-सदस्याने (पुढे राष्ट्राध्यक्ष) सार्वजनिक सुनावणीची मागणी केली. परिणामी कोलोरॅडो विद्यापीठात एडवर्ड काँडन यांच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र चौकशी झाली. या अभ्यासातून विज्ञानात भर पडलेली नाही व पुढेही पडण्याचा संभव नाही, असा निष्कर्ष जानेवारी १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालात आहे. मात्र त्यापूर्वीच प्रकल्पाच्या एका अधिकाऱ्याचे अंतर्गत टिपण उघड झाले होते. निष्पक्षतेचा देखावा कसा राखता येईल याची चर्चा त्यात असल्यामुळे निष्कर्षाच्या विश्वासार्हतेला धक्का बसला.

डिसेंबर १९६९ मध्ये ब्लू बुक बंद करण्यात आला. एकूण १२,६१८ वार्तांपैकी ७०१ म्हणजे सु. ५·६ टक्के वार्ता अनिर्णित राहिल्या होत्या. अनिर्णित याचा अर्थ परग्रहीय असा होत नाही; पुरेशा माहितीच्या अभावी निर्णय करता आला नाही, असेही त्यांपैकी अनेकींबाबत म्हणता येते. राष्ट्रीय सुरक्षेशी संबंधित वार्ता मुळातच ब्लू बुकच्या कक्षेबाहेर हाताळल्या जातात, असे ऑक्टोबर १९६९ च्या एका अंतर्गत पत्रात म्हटलेले होते. हे पत्र पुढे उघड झाल्यावर जनतेला दाखविण्याची चौकशी वेगळी व खरी चौकशी वेगळी, हा संशय बळावला.

दाव्यांची जडणघडण : कोसळलेल्या यानाची कथा प्रथम रोझ्‌वेलवरून लोकप्रिय झाली नाही. पत्रकार फ्रँक स्कली याच्या १९५० मधील पुस्तकात न्यू मेक्सिकोतील ॲझ्टेक या गावाजवळ तबकडी कोसळून त्यातील लहानखुरी शवे लष्कराने नेली, अशी हकीकत होती. तिचे मूळ सांगणारे दोघे जण जमिनीखालील तेल शोधणारी बनावट उपकरणे विकणारे भामटे असल्याचे १९५२ मध्ये एका वार्ताहराने उघडकीस आणले व १९५३ मध्ये त्यांना फसवणुकीबद्दल दोषी ठरविण्यात आले. याच काळात डॉनल्ड कीहो या निवृत्त नौसैनिक मेजरने वायुदल सत्य लपवीत असल्याचा आरोप पुस्तकांद्वारे सातत्याने केला. तथापि कीहोची मागणी प्रामुख्याने फाइली खुल्या करण्याची होती. कोसळलेल्या यानांच्या कथांविषयी तो स्वतः साशंक होता.

रोझ्‌वेल प्रकरणाचे पुनरुज्जीवन १९७८ मध्ये झाले. आपण उचललेले अवशेष पृथ्वीवरचे नव्हते, असे निवृत्त मार्सेलने स्टँटन फ्रीडमन या संशोधकाला सांगितले. १९८० मध्ये चार्ल्स बर्लिट्झ व विल्यम मूर यांचे रोझ्‌वेलवरील पुस्तक प्रसिद्ध झाले आणि पाठोपाठ नवनवे साक्षीदार पुढे आले. १९४७ च्या वार्तांत शवांचा उल्लेख नाही. तो तीस वर्षांनंतरच्या आठवणींतून आला. दरम्यान वॉटरगेट प्रकरण घडून गेले होते आणि गुप्तचर संस्थांची गैरकृत्ये काँग्रेसच्या चौकशीत उघड झाली होती. बदललेल्या या वातावरणात जुन्या घटनेला नवा अर्थ मिळाला.

१९८७ मध्ये ‘मॅजेस्टिक-१२’ या नावाची कागदपत्रे प्रसिद्ध झाली. रोझ्‌वेलच्या अवशेषांवर देखरेख ठेवण्यासाठी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी बारा जणांचे गुप्त मंडळ नेमले, असे त्यांवरून दिसत होते. त्यांवरील ट्रूमन यांची स्वाक्षरी १ ऑक्टोबर १९४७ च्या त्यांच्या एका अस्सल पत्रावरील स्वाक्षरीशी तंतोतंत जुळते, असे तपासात आढळले. कोणत्याही दोन स्वाक्षऱ्या हुबेहूब सारख्या नसतात. तेव्हा ती तेथून उतरविली असावी, असा निष्कर्ष निघाला. संघीय अन्वेषण संस्थेनेही ही कागदपत्रे बनावट ठरविली.

शासकीय यंत्रणेनेच असत्य पेरल्याचे उदाहरणही याच दशकातील आहे. न्यू मेक्सिकोतील ॲल्बकर्की येथील एका उद्योजकाने कर्टलंड या वायुदल तळाजवळील प्रकाश व रेडिओसंदेश टिपून ते परग्रहवासीयांचे असल्याचा समज करून घेतला. त्याचा भ्रम दूर करण्याऐवजी वायुदलाच्या अन्वेषण विभागातील व्यक्तींनी त्याला खोटी माहिती पुरविली. या कामात आपण सहभागी होतो, अशी कबुली पूर्वोक्त विल्यम मूर याने १९८९ मध्ये लास व्हेगास येथील परिषदेत दिली. त्या उद्योजकाचे मानसिक स्वास्थ्य या काळात पूर्णपणे ढासळले. त्याच्या द्वारे पसरलेल्या भूमिगत तळांच्या कथा मात्र पुढेही टिकून राहिल्या.

हस्तगत तंत्रविद्येचा दावा : ग्रूम सरोवराजवळ परग्रहीय यानांवर आपण काम केले व त्यांचे इंधन ११५ अणुक्रमांकाचे मूलद्रव्य होते, असे बॉब लाझार याने १९८९ मध्ये दूरचित्रवाणीवरून सांगितले. ज्या संस्थांत शिक्षण घेतल्याचे त्याने सांगितले, तेथे त्याची नोंद आढळली नाही. हे मूलद्रव्य २००३ मध्ये रशियातील डुब्ना येथे प्रयोगशाळेत निर्माण करण्यात आले. मॉस्कोव्हियम असे नाव मिळालेल्या या मूलद्रव्याचे ज्ञात समस्थानिक सेकंदाच्या अल्पांशात क्षय पावतात. १९९७ मध्ये फिलिप कॉर्सो या निवृत्त लेफ्टनंट कर्नलने संकलित मंडले, प्रकाशीय तंतू, लेसर, रात्रदर्शक उपकरणे व केव्हलार हा बळकट तंतू हे सर्व रोझ्‌वेलच्या अवशेषांवरून उद्योगांना उपलब्ध करून दिल्याचे लिहिले.

अशा दाव्याची परीक्षा तंत्रविद्येच्या इतिहासावरून करता येते. डिसेंबर १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत बार्डीन, ब्रॅटन व शॉक्ली यांनी सिद्ध केलेल्या ट्रँझिस्टरमागे युद्धकाळात रडारसाठी झालेले जर्मेनियमच्या शुद्धीकरणाचे काम होते आणि लिलियनफेल्ड यांनी १९२५ मध्येच तत्सम साधनाच्या एकस्वासाठी अर्ज केला होता. त्याच अर्धसंवाहकविज्ञानातून जॅक किल्बी (१९५८) व रॉबर्ट नॉइस (१९५९) यांची संकलित मंडले निर्माण झाली. प्रकाशीय तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा नेण्याचे कार्य लंडनमध्ये हॅरल्ड हॉपकिन्झ व मूळचे पंजाबचे नरिंदरसिंग कपानी यांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केले. रात्रदर्शक साधने जर्मन सैन्याने दुसऱ्या महायुद्धातच वापरली होती. केव्हलारचा शोध ड्यू पाँट कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ मध्ये लावला. यांपैकी प्रत्येकाच्या मागे प्रयोगवह्या, फसलेले प्रयत्न, स्पर्धक संशोधक व पूर्वसूरी यांची अखंड मालिका आहे. बाहेरून आलेल्या वस्तूची नक्कल केली असती, तर या मालिकेत कोठेतरी अकारण उडी दिसली असती. ती दिसत नाही. शिवाय असा दावा संबंधित संशोधकांचे आयुष्यभराचे श्रेय पुराव्यावाचून हिरावून घेतो.

माहितीची मागणी : अमेरिकेत १९६६ मध्ये माहितीस्वातंत्र्याचा कायदा संमत झाला व १९७४ मध्ये तो अधिक प्रभावी करण्यात आला. त्याच्या आधारे हौशी संघटनांनी न्यायालयात दावे लावले आणि १९७८-७९ मध्ये सीआयएला सु. ९०० पृष्ठे खुली करावी लागली. या विषयात आपल्याला रस नाही, असे सांगत आलेल्या संस्थेजवळ इतके कागद असल्याचे पाहून संशय वाढला. मात्र त्यांत कोठेही हस्तगत यानाचा उल्लेख नव्हता.

न्यू मेक्सिकोचे प्रतिनिधी स्टीव्हन शिफ यांच्या मागणीवरून काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने रोझ्‌वेलच्या नोंदींचा शोध घेतला. त्याच्या जुलै १९९५ च्या अहवालानुसार तत्कालीन दोन नोंदी सापडल्या व दोन्हींत फुग्याचाच निर्देश होता. परंतु रोझ्‌वेल तळावरून ऑक्टोबर १९४६ ते डिसेंबर १९४९ या काळात पाठविलेले संदेश योग्य अधिकाराविना नष्ट केले गेल्याचेही आढळले. शवांच्या आठवणींचा उगम १९५० च्या दशकात उंचावरून टाकलेल्या मानवाकृती बाहुल्यांत असावा, असे वायुदलाने जून १९९७ मध्ये सांगितले. बाहुल्यांचे प्रयोग व रोझ्‌वेलची घटना यांच्या काळात काही वर्षांचे अंतर असल्याने हे स्पष्टीकरण बहुतेकांना पटले नाही.

संरक्षण खात्याने २००७ नंतर काही वर्षे २·२ कोटी डॉलर खर्चून या विषयाचा अभ्यास गुप्तपणे करविल्याचे वृत्त डिसेंबर २०१७ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने दिले. नौदलाच्या वैमानिकांनी टिपलेल्या तीन चित्रफिती खात्याने एप्रिल २०२० मध्ये अधिकृतपणे प्रसृत केल्या. जून २०२१ च्या शासकीय अहवालात २००४ पासूनच्या १४४ वार्तांचा विचार करण्यात आला. त्यांपैकी एकीचाच, हवा जाणाऱ्या मोठ्या फुग्याचा, खात्रीलायक उलगडा झाला. जुलै २०२२ मध्ये या कामासाठी ‘आरो’ हे स्थायी कार्यालय स्थापन झाले.

२६ जुलै २०२३ रोजी वायुदलातील माजी गुप्तवार्ता अधिकारी डेव्हिड ग्रश याने प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीपुढे शपथेवर साक्ष दिली. हस्तगत यानांचा व त्यांची रचना उलगडण्याचा गुप्त कार्यक्रम अनेक दशके चालू आहे, असे तो म्हणाला. ही माहिती चार वर्षांत चाळीसहून अधिक व्यक्तींच्या मुलाखतींतून आपणास मिळाली, अशी याने आपण स्वतः पाहिलेली नाहीत, असेही त्याने सांगितले. त्याच महिन्यात सीनेटमध्ये अशा नोंदी उघड करणारी व खाजगी उद्योगांकडील परग्रहीय वस्तू शासनाच्या ताब्यात घेणारी दुरुस्ती मांडण्यात आली. डिसेंबरमध्ये संमत झालेल्या कायद्यात राष्ट्रीय अभिलेखागाराने नोंदींचा संग्रह करावा, एवढाच भाग मुख्यत्वे उरला.

आरो कार्यालयाने मार्च २०२४ मध्ये १९४५ पासूनच्या चौकश्यांचा आढावा प्रसिद्ध केला. परग्रहीय तंत्रविद्या शासनाच्या वा उद्योगांच्या ताब्यात असल्याचा पुरावा मिळाला नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. साक्षीदारांनी नावानिशी सांगितलेले काही कार्यक्रम खरोखरच गोपनीय होते, पण त्यांचा परग्रहांशी संबंध नव्हता. त्याच त्या कथा एका लहान वर्तुळातील व्यक्ती परस्परांना सांगत राहिल्याने त्यांना अनेक आधार असल्याचा भास झाला, असेही त्यात म्हटले आहे. अद्‌भुत म्हणून पुढे केलेला एक धातूचा तुकडा ओक रिज प्रयोगशाळेत तपासला असता तो मॅग्नेशियम, जस्त व बिस्मथ यांचा पृथ्वीवरील मिश्रधातू ठरला. संशय असलेल्या खात्यानेच स्वतःची चौकशी केल्याने टीकाकारांचे समाधान झाले नाही.

इतर देश : असाच अनुभव सोव्हिएट रशियातही आला. २० सप्टेंबर १९७७ च्या पहाटे पेट्रझव्हॉट्स्क या शहरावर जेलीफिशसारखी प्रचंड तेजस्वी आकृती दिसली. प्लिसेट्स्क येथून त्याच वेळी सोडलेल्या कॉसमॉस-९५५ या उपग्रहाच्या अग्निबाणाचा तो प्रकाश होता. परंतु त्या तळाचे अस्तित्वच १९८३ पर्यंत मान्य करण्यात आले नसल्याने नागरिकांना हे सांगणे शासनाला अडचणीचे होते. फ्रान्सने मात्र १९७७ मध्येच अंतराळ संशोधन केंद्राच्या अंतर्गत खुली चौकशी सुरू केली व २००७ मध्ये फाइली लोकांना उपलब्ध करून दिल्या. ब्रिटनच्या संरक्षण खात्याने २००९ मध्ये आपला तत्संबंधी कक्ष बंद केला आणि २००८–१३ या काळात हजारो पृष्ठे राष्ट्रीय अभिलेखागारातून खुली केली. या फाइलींत नागरिकांची पत्रे, वैमानिकांच्या वार्ता व कारकुनी टिपणे आहेत. हस्तगत यान नाही.

मूल्यमापन : वरील इतिहासातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा, की गुप्तता सिद्ध झाली म्हणजे दावा सिद्ध झाला, असे होत नाही. नष्ट झालेले कागद, काळी केलेली वाक्ये किंवा अधिकाऱ्यांचे मौन यांवरून काहीतरी दडविले गेले एवढेच कळते; काय दडविले, हे कळत नाही. प्रत्येक नकार हाच पुरावा मानला, तर तो दावा कोणत्याही परीक्षेत असत्य ठरू शकत नाही व म्हणून ज्ञानाच्या कक्षेत येत नाही. परग्रहीय वस्तूबाबत परीक्षा अवघड नाही : तिचा नमुना परस्परांपासून स्वतंत्र अशा प्रयोगशाळांना मिळावा व त्यातील समस्थानिकांचे प्रमाण, सूक्ष्मरचना आणि घडण यांचा अभ्यास व्हावा. असा नमुना १९४७ पासून एकदाही पुढे आलेला नाही.

दुसरा निष्कर्ष शासनाविषयी आहे. मोगल प्रकल्पाची किंवा यू-२ विमानांची गोपनीयता त्या काळी समर्थनीय होती, असे म्हणता येईल. पण गोपनीयता पाळणे आणि नागरिकाला जाणूनबुजून चुकीचे कारण सांगणे यांत फरक आहे. जो मनुष्य आपण पाहिलेली वस्तू प्रामाणिकपणे कळवितो, त्याला खोटे उत्तर दिले व ते पुढे उघडकीस आले, की त्यानंतरचे खरे उत्तरही त्याला खोटे वाटते. रोझ्‌वेलचे अवशेष फुग्याचे होते, हे १९४७ मध्ये व पुन्हा १९९४ मध्ये सांगण्यात आले. दुसऱ्या वेळी त्यामागील प्रयोजनही उघड केले गेले, तरी अनेकांनी ते मानले नाही. मधल्या सत्तेचाळीस वर्षांत शासनाच्या शब्दाचे मोल घटले होते. आकाशातील वस्तूंविषयीच्या या वादात जे प्रत्यक्ष गमावले गेले, ते हेच होय.